सापेक्ष बंध: बुजणारा घोडा आणि गृहस्थाची अहिंसा

जैन गृहस्थ अहिंसेचे अणुव्रत घेतो, तेव्हा त्या व्रताला लागणारे पाच अतिचारही त्याला सांगितले जातात: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जिवाला बांधून घालणे, मारणे, त्याचे अंग कापणे किंवा टोचणे, पेलणार नाही एवढे ओझे लादणे आणि त्याचे दाणापाणी तोडणे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ही यादी आहे. उपासकदशा या अंगग्रंथात वाणिज्यग्रामच्या आनंद गृहपतीला स्वतः महावीर ती समजावून सांगतात आणि श्रावकांच्या प्रतिक्रमणात या पाचांची आजही आलोचना होते. पाचांपैकी चार दोष कोणालाही चटकन पटतात. पेच आहे तो बंधाचा. ज्याच्या घरी जनावर आहे तो ते बांधतोच. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या गोठ्यात रोज संध्याकाळी दावी बांधली जातात, पांजरपोळात बांधली जातात, लग्नाच्या वरातीत घोडा आणणाराही तो कुठेतरी बांधूनच ठेवतो. बांधणे हाच दोष असेल तर गृहस्थाने जनावर पाळूच नये असा अर्थ निघतो. आणि काही बांधणी निर्दोष असेल, तर ती कोणती हे नेमके सांगावे लागते.

पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत बंधाची व्याख्या फार व्यापक केली आहे. ज्याला जिकडे जायचे आहे तिकडे त्याला जाऊ न देणारे जे कारण, तो बंध, असा तिचा आशय आहे. या व्याख्येने दोर, साखळी, पिंजरा, कुंपण सगळेच बंधात येते. अशा व्यापक व्याख्येवर आचार उभा राहत नाही, म्हणून श्रावकाचारावर लिहिणाऱ्यांनी तिच्यात पोटभेद पाडले. आठव्या शतकातील हरिभद्रांच्या परंपरेत, बाराव्या शतकात हेमचंद्रांनी आपल्याच योगशास्त्रावर केलेल्या विवरणात आणि तेराव्या शतकात माळव्यात राहून सागारधर्मामृत लिहिणाऱ्या दिगंबर पंडित आशाधरांकडे हे विवेचन थोड्याफार फरकाने सापडते. त्याची मांडणी अशी: बंध दोन पायांच्या जिवांचा असतो, तसा चार पायांच्या जिवांचाही असतो. तो सकारण असतो किंवा विनाकारण. विनाकारण बंध करूच नये. सकारण बंध पुन्हा दोन प्रकारचा, निरपेक्ष आणि सापेक्ष. जनावर हलूही शकणार नाही असे करकचून बांधले तर तो निरपेक्ष बंध. सैल गाठीने बांधले, आणि आग लागली तर ती गाठ झटकन सोडता किंवा तोडता येईल अशी ठेवली, तर तो सापेक्ष बंध. दोन पायांच्या जिवांत दास, दासी, चोर आणि अभ्यास टाळणारा मुलगा असे त्या काळचे दाखले येतात. त्यांनाही हालचाल करता येईल आणि आगीत ते मरणार नाहीत अशाच रीतीने अडकवावे, असे सांगितले आहे.

एका धर्मपरंपरेने अहिंसेचा विचार करता करता थेट गाठीपर्यंत यावे, ही गोष्ट लहान नाही. करुणा बाळगा असे सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. दावे कसे बांधावे हे सांगणारे नीतिशास्त्र विरळा. आणि इथे बांधणाऱ्याला विचारलेला प्रश्नही फार व्यावहारिक आहे: गोठा पेटला तर हे जनावर सुटेल का?

निरपेक्ष बंधाने जनावर मेले नाही, साधे खरचटलेही नाही, तरी तो दोष का, या आक्षेपाला टीकाकारांनी दिलेले उत्तर मुळातून समजून घेण्यासारखे आहे. गृहस्थाचे व्रत प्राणी मारणार नाही असे असते, बांधणार नाही असे नसते. मग बांधल्याने व्रताला बाधा कशी येते? ते म्हणतात, व्रत आतून आणि बाहेरून अशा दोन अंगांनी पाळायचे असते. रागाच्या भरात किंवा बेफिकिरीने, हे मेले तरी चालेल अशा वृत्तीने एखाद्याने जनावर आवळून बांधले, आणि आयुष्य शिल्लक होते म्हणून ते वाचले, तर बाहेरचे व्रत शाबूत राहते, आतले मोडते. अर्धे मोडलेले आणि अर्धे टिकलेले व्रत म्हणजे अतिचार. पूर्ण मोडले तर त्याला अनाचार म्हणतात. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा घातला आहे. अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हाच विचार शेवटापर्यंत नेला: सावधपणे वागणाऱ्याच्या हातून एखादा जीव गेला तरी ती त्याची हिंसा होत नाही आणि बेसावधपणे वागणाऱ्याकडून जीव जावो वा न जावो, हिंसा होऊन गेलेलीच असते. म्हणून बांधणीतला दोष अपघाताच्या क्षणी निर्माण होत नाही. हात दोराची गाठ मारत असतात तेव्हाच तो घडतो. दहा वर्षे त्या गाठीने काही केले नाही, हा तिच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरत नाही.

या विचाराची खरी कसोटी घोड्यापाशी लागते. बैल किंवा म्हैस दाव्याला ओढ बसली की बहुधा थांबते. घोड्याचे तसे नाही. पळून जीव वाचवणे हा त्याचा पिंड आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने नाकासमोरचा आणि शेपटीमागचा चिंचोळा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सभोवार दिसते. लांब कोपऱ्यात फडफडणारी प्लास्टिकची पिशवीसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही. काही विपरीत वाटले की तो आधी पळतो आणि विचार मागाहून करतो. बांधलेला असताना हे घडले की म्होरकीचा पट्टा कानांमागे, मानेच्या टोकाशी रुततो. त्या दाबाने पुढे सरकायचे असते, हे न शिकलेला घोडा उलट मागे रेटा देतो, कारण दाबाविरुद्ध जोर लावणे ही त्याची उपजत प्रतिक्रिया आहे. मागे रेटले की दाब वाढतो आणि दाब वाढला की भीती वाढते. मागचे पाय पोटाखाली घेऊन, मान ताणून तीनचारशे किलोंचे अंग एकाच दिशेला झोकून देणारा घोडा त्या क्षणी पिशवीला भ्यालेला नसतो. त्याची भीती आता दोराची असते.

इथे आचार्यांच्या कसोटीला थोडे पुढे न्यावे लागते. त्यांच्या डोळ्यांसमोर संकट बाहेरून येणारे होते: गोठ्याला लागलेली आग. घोड्याच्या बाबतीत खुद्द बंधच संकट होऊ शकतो. म्हणून ज्याला सापेक्ष बंध करायचा आहे, त्याने आगीबरोबर भयाचाही हिशेब धरला पाहिजे. ही भर परंपरेला धरूनच आहे. उत्तराध्ययनाच्या बाविसाव्या अध्ययनात अरिष्टनेमी लग्नाला निघाले असता वाटेत मेजवानीसाठी कोंडलेले प्राणी पाहतात, सारथ्याला कारण विचारतात आणि लग्न सोडून दीक्षा घेतात. तिथे त्या प्राण्यांचे वर्णन करताना ग्रंथाने त्यांच्या जखमा किंवा उपासमार सांगितलेली नाही. ते भयाने व्याकूळ आणि अत्यंत दुःखी झाले होते, असे सांगितले आहे.

उधळलेल्या घोड्यापुढे मेखेचा टिकाव लागत नाही, हे वैदिक वाङ्मयालाही ठाऊक होते. बृहदारण्यक उपनिषदात प्राण आणि इतर इंद्रिये यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद होतो. वाणी, डोळा, कान, मन एकेक करून शरीर सोडून जातात, तरी शरीर चालत राहते. शेवटी प्राण निघायला लागतो तेव्हा सगळीच इंद्रिये मुळापासून उखडली जातात. त्यासाठी दृष्टांत दिला आहे तो सिंधुदेशच्या उमद्या, थोराड घोड्याचा, जो पाय बांधलेल्या मेखाच उपटून काढतो. छांदोग्यातही हाच दृष्टांत आहे. उपनिषदाला तिथे प्राणाचे सामर्थ्य दाखवायचे आहे, पण पागेत वावरलेल्या माणसाला त्यात दुसरेच काही दिसेल. मेख उपटून घोडा मोकळा होत नाही. ती मेख दोराच्या टोकाला हिसके खात त्याच्या मागे येते, पायांवर आपटते आणि तो जितका पळतो तितकी ती त्याचा पाठलाग करते. फाटकाच्या फळीला, मोटारसायकलला, रिकाम्या पिंपाला किंवा हातगाडीला बांधलेल्या घोड्याचे हेच होते. म्हणून पहिला नियम असा की घोडा ज्याला बांधायचा ती वस्तू घोड्याच्या पूर्ण जोरानेही हलता कामा नये. जमिनीत खोल रोवलेला खांब, जिवंत झाडाचा बुंधा, भिंतीत पक्के बसवलेले कडे. सुटायचे असेल तर गाठ सुटावी, खुंटा सुटू नये.

दुसरा नियम लगामाचा. लगामाच्या वादीने घोडा कधीही बांधू नये. तोंडातल्या लोखंडी कडीवर त्याचे सगळे वजन आले तर जीभ आणि जबडा फाटतो. बांधायचे ते म्होरकीने, लगाम उतरवून किंवा लगामाच्या आतून म्होरकी घालून. गाठीची उंची घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्याएवढी किंवा थोडी वर असावी. खाली बांधले तर मागे रेटताना त्याला पूर्ण ताकद लावता येते आणि मानेच्या मणक्यांवर वाईट ताण येतो. गाठीपासून हनुवटीपर्यंत साधारण हातभर दोर ठेवावा. त्याहून लांब ठेवला तर पुढचा पाय दोरावरून पलीकडे जातो किंवा मान खाली घालून वर उचलताना दोर कानांमागे अडकतो. यातून झालेले अपघात थेट बुजण्यातून झालेल्यांइतकेच वाईट असतात.

मग गाठ. दोराचे मोकळे टोक कड्यातून ओवून परत आणायचे आणि घोड्याकडे जाणाऱ्या ताठ दोरावरून त्याचा एक वेढा घ्यायचा. आता त्या वेढ्यातून टोक आरपार न काढता त्याची दुमड करून तेवढीच ओढून घ्यायची आणि गाठ कड्याशी सरकवायची. परकराच्या नाडीला मारतात तीच ही सुरगाठ. टोकाला एक हिसका दिला की सगळी उलगडते. निरगाठ मारली तर ओढ बसल्यावर ती नखांनी काय, सांडशीनेही सुटत नाही. पण साध्या सुरगाठीतही एक खोट आहे. घोड्याने सगळे वजन टाकले की वेढा दुमडीवर आवळतो आणि गाठ अडते. म्हणून गाठ मारून झाली की दोघांनी मिळून तिची परीक्षा घ्यावी: एकाने घोड्याच्या बाजूने अंग टाकून दोर ताणून धरावा आणि दुसऱ्याने टोक ओढून पाहावे. ताणाखाली सुटते तीच गाठ खरी. आणखी दोन गोष्टी शिकणाऱ्याच्या हातून राहून जातात. गाठ मारताना बोट फासाच्या आत राहू देऊ नये, आणि दोर कधीही हाताला गुंडाळून धरू नये. घोड्याने त्याच क्षणी हिसका दिला तर बोट जाते.

सोडता किंवा तोडता येईल अशी, हे आचार्यांचे शब्द दोन वेगळे उपाय सांगतात, हेही ध्यानात घ्यावे. सोडण्यासाठी गाठीजवळ पोचावे लागते. पेटलेल्या तबेल्यात किंवा थयथयाट करणाऱ्या घोड्यापाशी ते दर वेळी जमत नाही. म्हणून बांधण्याच्या जागी धारदार सुरी किंवा विळा हाताला येईल असा टांगलेला असावा, म्हणजे दोर मध्येच कुठेही कापता येतो. साखळी कापता येत नाही, गरम झाली तर तिला हातही लावता येत नाही. घोड्याला लोखंडी साखळीने बांधणे या एकाच कारणासाठी टाळावे.

सोडण्याचाही एक क्षण असतो. घोडा पूर्ण जोराने मागे रेटत असताना गाठ अचानक सुटली तर तो स्वतःच्याच जोराने मागे उलथतो, आणि डोक्याचा मागचा भाग दगडावर आपटून मरूही शकतो. म्हणून घोडा बुजला की प्रथम समोर उभे राहू नये. समोरचा माणूस म्हणजे त्याला मागे रेटायला आणखी एक कारण. बाजूला, त्याच्या खांद्याच्या रेषेत, पायांच्या टप्प्याबाहेर उभे राहून शांत आवाज द्यावा आणि त्याला पुढे सरकवायचा प्रयत्न करावा. एक पाऊल जरी तो पुढे आला तरी दोर सैल पडतो, कानांमागचा दाब जातो, आणि निम्म्या वेळा तिथेच सगळे शमते. दोर सैल पडलेल्या त्या घटकेलाच गाठ सोडावी. भिंत आणि घोडा यांच्या मध्ये कोणत्याही परिस्थितीत शिरू नये.

घोडेवाल्यांत एक जुना वाद आहे आणि तो मुळात नैतिक वाद आहे. काही जण दोर थेट कड्याला बांधत नाहीत. कड्यात सुतळीचा एक फास बांधतात आणि दोर त्या फासाला अडकवतात, म्हणजे ओढ वाढली की सुतळी तुटते आणि घोडा वाचतो. काही जण म्होरकीचा कानांमागचा पट्टा कातड्याचा ठेवतात. नायलॉन तुटत नाही, जुने कातडे तुटते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, एकदा सुतळी तोडून सुटलेला घोडा ते कायमचे शिकतो. पुढे तो भीती नसतानाही तोडून पाहतो, आणि मग त्याला बांधणेच अशक्य होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि सापेक्ष हा शब्द इथे उपयोगी पडतो, कारण अपेक्षा म्हणजे जिवाची काळजी ही जागा पाहूनच ठरवावी लागते. चारी बाजूंनी कुंपण असलेल्या आवारात तुटणारा दुवा निःसंशय चांगला. तिथे सुटलेला घोडा फार तर दहा मिनिटे धावेल आणि गवताला तोंड लावील. महामार्गालगत किंवा वरातीच्या गर्दीत तोच दुवा घोड्याला ट्रकखाली घालील, किंवा पोराबाळांच्या अंगावर. तिथे न तुटणारा दोर, लगेच सुटणारी गाठ आणि शेजारी सतत उभा असलेला जाणता माणूस, हीच काळजी. माणूस नसेल तर तिथे घोडा बांधायचाच नाही. सुतळी निवडतानाही फसगत होते. जुनी तागाची सुतळी तुटायची. आता त्याच जाडीची प्लास्टिकची सुतळी मिळते, ती तुटत नाही, आणि बांधणारा मात्र तुटेल या भरवशावर असतो. तिसरा एक मार्ग आहे, आणि बुजण्याची खोड असलेल्या घोड्यासाठी तो बहुधा सर्वांत बरा: लांब दोर कड्यात असा अडकवायचा की तो घट्टही बसत नाही आणि सुटतही नाही, घर्षणाने थोडा थोडा सरकत जातो. घोडा मागे गेला की त्याला थोडी ढील मिळते, त्यामुळे भीतीला अंगावर घेणारी भिंत सापडत नाही आणि दोन-चार पावलांत तो आपोआप थांबतो.

दख्खनच्या घोडदळात आणि बाजारांत चालत आलेली बांधणी वेगळी, अगाडी-पिछाडीची. म्होरकीपासून दोन दोर पुढच्या दोन मेखांना, तर मागच्या पायांना घातलेल्या बंदांपासून एक दोर मागच्या मेखेला. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या रांगा आजही अशा बांधलेल्या दिसतात. ही बांधणी घोड्याला वळू देत नाही, त्यामुळे शेजारच्या घोड्याला लाथ बसत नाही आणि थोड्या जागेत पुष्कळ घोडे मावतात. सकारण बंधाचे हे चांगले उदाहरण आहे. पण सकारण असूनही ती सहज निरपेक्ष होते. पिछाडीचे बंद खुराच्या वरच्या बारीक सांध्यावर असतात. काथ्याचा किंवा नायलॉनचा दोर तिथे एका झटक्यात कातडी सोलून काढतो आणि तिथली जखम भरायला फार वेळ घेते. मऊ सुती पट्टा किंवा आतून लोकर लावलेले कातडे वापरले, पिछाडी ताठ न ठेवता वीतभर सैल ठेवली, आणि मुख्य म्हणजे पायाला बंद घालून घेण्याची सवय घोड्याला लहानपणापासून लावली, तरच ही बांधणी निभते. ज्या घोड्याच्या पायाला कधी दोर लागलेला नाही त्याला थेट बाजारात पिछाडी घालणे हा उघड निर्दयपणा आहे, मग त्या दिवशी काही घडो किंवा न घडो.

याच ओघात श्रावकाचार आणखी एक गोष्ट सुचवतो: गृहस्थाने शक्यतो अशीच जनावरे ठेवावीत जी न बांधताही राहतात. वरवर पाहता हा उपदेश अव्यवहारी वाटतो, पण घोड्याच्या बाबतीत तोच सर्वांत व्यवहारी ठरतो. कारण सुरक्षित बांधणीचा मोठा भाग दोरात नसतो, घोड्याच्या शिकवणीत असतो. म्होरकीला अगदी हलकी ओढ द्यायची आणि वाट पाहायची. घोड्याने मान झुकवली, वजन पुढे घेतले, अर्धे पाऊल टाकले, की त्याच क्षणी ढील द्यायची. दाब कशाने जातो हे घोड्याला कळले की दाबाची भीती जाते. मग दोर कड्यातून नुसता ओवून दुसरे टोक माणसाने हातात धरायचे. घोड्याला वाटते आपण बांधलेले आहोत, आणि तो बुजलाच तर माणूस दोर सोडू शकतो. कित्येक दिवस असे झाल्यावरच पहिली गाठ. मज्झिमनिकायातल्या भद्दालिसुत्तात बुद्धांनी शिंगराचा दाखला दिला आहे. पहिल्यांदा लगाम घातला की ते वळवळते, धडपडते, कारण पूर्वी कधी न केलेले त्याच्याकडून करवून घेतले जात असते. मग त्याच गोष्टीच्या क्रमाक्रमाने झालेल्या सरावाने ते निवते. तिथे शिंगराला दोष दिलेला नाही. उत्तराध्ययनात विनीत शिष्याची तुलना चाबूक नुसता दिसताच सावरणाऱ्या जातिवंत घोड्याशी केली आहे, आणि अडेल शिष्याची पुन्हा पुन्हा चाबकाची वाट पाहणाऱ्या घोड्याशी. ही उपमा शिष्यासाठी आहे. ती घोड्याला लावून त्याच्यावर चाबूक उगारणे म्हणजे ग्रंथाचा विपर्यास.

याच्या नेमके उलट एक शिकवणे चालत आले आहे. जाड झाडाला, न तुटणाऱ्या दोराने, बुजणारा घोडा पक्का बांधायचा आणि तो झगडून झगडून थकेपर्यंत सोडायचा नाही. शेवटी तो उभा राहतो, आणि माणसे म्हणतात, शिकला. तो शिकलेला नसतो, हरलेला असतो. मानेच्या पहिल्या मणक्यांशी झालेली इजा वर्षानुवर्षे दुखत राहते, आणि दुसऱ्या जागी, दुसऱ्या निमित्ताने तीच भीती उसळून येते. आचार्यांच्या भाषेत हा सरळ निरपेक्ष बंध आहे. सुटकेची वाट त्यातून मुद्दाम काढून घेतलेली असते, आणि जनावराचे भय हेच साधन म्हणून वापरलेले असते.

साधूंचा नियम गृहस्थापेक्षा वेगळा आहे, आणि तो न पाहता हा विषय पुरा होत नाही. निशीथसूत्राच्या बाराव्या उद्देशकात साधूने करुणेपोटीही गवताच्या, मुंजाच्या, वेताच्या, कातड्याच्या किंवा सुताच्या पाशाने कोणताही त्रस, म्हणजे हालचाल करणारा, जीव बांधू नये, आणि बांधलेला सोडूही नये, असे सांगून त्याला प्रायश्चित्त ठेवले आहे. सोडू नये हे वाचून धक्का बसतो. यामागचा विचार असा की साधूला त्या जनावराच्या पुढच्या गतीची जबाबदारी घेता येत नाही. सोडलेले जनावर विहिरीत पडेल, कोणाला तुडवील, चोरीला जाईल. बांधलेले जनावर फास लागून मरेल. अठराव्या शतकात आचार्य भिक्षूंनी १७६० मध्ये तेरापंथाची स्थापना केल्यावर याच धाग्यावरून लौकिक दया आणि लोकोत्तर दया यांचा मोठा वाद झाला. पेटलेल्या वाड्यातल्या गाई सोडवणे हे मोक्षमार्गाचे कृत्य की लौकिक कर्तव्य, हा त्या वादातला नेहमीचा दाखला. वादाचा निकाल काहीही लागो, गृहस्थाच्या बाजूने एक गोष्ट पक्की राहते. गाठ त्याने मारली आहे. त्यामुळे ती सुटेल अशी ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच आहे, आणि लौकिक-लोकोत्तर हा भेद त्याला त्या जबाबदारीतून मोकळे करत नाही.

भारतीय कायद्यानेही बंधाची दखल घेतली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अथवा दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. कायदा लांबी, वजन आणि वेळ पाहतो, गाठ सुटेल का हे विचारत नाही. त्या एका बाबतीत मध्ययुगीन श्रावकाचार आधुनिक अधिनियमाच्या पुढे आहे. पण वेळेची बाब कायद्याने बरोबर हेरली आहे, आणि ती पाच अतिचारांतल्या पहिल्याला शेवटच्याशी जोडते. बुजणाऱ्या घोड्याला उंच आणि आखूड बांधावे लागते, म्हणजे त्याला डोके जमिनीपर्यंत नेता येत नाही. घोड्याचे पोट थोडे थोडे, सतत खाण्यासाठी घडलेले आहे आणि त्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागते. शिवाय मान खाली घालून तो श्वासमार्गातली घाण निचरून टाकतो. तासन् तास डोके वर बांधलेल्या घोड्यांना, विशेषतः ट्रकमधून लांब नेताना, फुप्फुसाचा दाह होतो तो यामुळेच. म्हणून आखूड बांधणी खरारा, खोगीर, नाल मारणे, औषधपाणी एवढ्यापुरतीच ठेवावी, आणि तेवढा वेळ माणसाने जवळ असावे. रात्रभर किंवा दिवसभर ठेवायचा असेल तर घोडा दोराशिवाय, कुंपणाच्या आवारात किंवा फिरता येईल एवढ्या मोकळ्या ठाणात ठेवावा, आणि त्या ठाणाचे दार बाहेरून एका हाताने उघडेल असे असावे. लांबच्या प्रवासात दर चार-पाच तासांनी गाडी थांबवून घोड्याला उतरवावे, दोर पूर्ण सैल सोडून त्याला मान खाली घालू द्यावी, पाणी दाखवावे आणि मगच पुन्हा बांधावे.